गुलाबराव, पंजाबराव, उकंडराव : वऱ्हाडातल्या पुरुषनावांचा आढावा

अमरावती जिल्ह्यातल्या दोन थोर माणसांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. लोणी टाकळीला ६ जुलै १८८१ रोजी जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले आणि तरीही विपुल ग्रंथरचना करणारे गुलाबराव महाराज हे एक. पापळला २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले, ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर डॉक्टरेट घेऊन परतलेले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख हे दुसरे. पहिले स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, दुसरे वेदांचे अभ्यासक. नावे मात्र दोघांचीही फारसी. गुल म्हणजे फूल, पंज म्हणजे पाच आणि दोन्हींच्या शेवटी ‘आब’, म्हणजे पाणी. त्यापुढे ‘राव’ लागला आणि ही नावे इतकी इथली होऊन गेली की त्यांच्याकडे परकी म्हणून कुणी पाहिलेच नाही.

वऱ्हाडातल्या पुरुषाच्या नावाचा उगम शोधायचा तर कुठे शोधायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे. सोपा मार्ग शब्दकोशाचा. तो अनेकांनी चोखाळला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश रचला, त्यांची ओढ संस्कृत मुळांकडे होती. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली निघाला, त्यामुळे दुसरी बाजू उजेडात आली. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण कोश शब्दाचा अर्थ सांगतो. तो शब्द अमुक घरात, अमुक पोराच्या कानात का सांगितला गेला हे कोशात मिळत नाही. माझ्या मते नावाचा खरा उगम तिथे असतो: कोणी ठेवले, कशाच्या आशेने किंवा भीतीने ठेवले आणि गावाने ते कसे उच्चारले.

फारसी-अरबी थरापासूनच सुरुवात करू, कारण वऱ्हाडात तो जाड आहे. अचलपूरला इमादशाही १४९० मध्ये उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुलमुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू कुळातला, लढाईत पकडला गेलेला मुलगा होता, असे जुने इतिहासकार लिहितात. म्हणजे वऱ्हाडच्या पहिल्या सुलतानाचे नावही जन्मानंतर बदललेले. १५७४ मध्ये हे राज्य अहमदनगरच्या निजामशाहीने घेतले, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अकबराचा मुलगा मुराद इथे सुभ्यावर होता. बाळापूरजवळ त्याने शहापूर वसवले आणि १५९९ मध्ये तो वारला. नंतर १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईपासून निजामाचा अंमल सुरू झाला. या पहिल्या निजामाला औरंगजेबाने दिलेला किताब होता चिन किलिच खान. किलिच म्हणजे तुर्की भाषेत तलवार.

हे शब्द किती लांबून आले ते पाहायला थेट कझाकस्तानात डोकवावे. निजामाचे आजोबा मध्य आशियातूनच हिंदुस्थानात आले होते. तिथल्या कझाक लोकांत आजही मुलांची नावे मुरात, दाउलेत, रुस्तेम अशी असतात, आणि तलवारीला ते किलिश म्हणतात. यातला दाउलेत म्हणजे आपला दौलत. अरबी ‘दौला’ हा शब्द उत्तरेला गवताळ माळरानावरच्या घोडेपाळांकडे गेला आणि दक्षिणेला मराठी सरदारांकडे आला. दौलतराव शिंद्यांच्या नावाचा तर अमरावती-अकोल्याच्या मातीशी कटू संबंध आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या अडगावला इंग्रजांशी लढाई झाली, पंधरवड्यात मेळघाटातला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला दौलतरावांच्या वतीने तह झाला. मराठीत दौलत म्हणजे संपत्ती आणि राज्यही. त्या तहात दौलतरावांनी दोन्हींचा मोठा वाटा गमावला. तरीही वऱ्हाडात पुढच्या पिढ्यांनी पोरांना दौलत नाव ठेवणे सोडले नाही. गुलाब, दौलत, हिंमत, बहादूर ही नावे गावच्या कुणब्याकडे आणि गावच्या मुसलमानाकडे सारखीच सापडतात. फरक एवढाच, की एकाच्या पुढे ‘राव’ आणि दुसऱ्याच्या पुढे ‘खान’ किंवा ‘शेख’.

मुलाला मुसलमान फकिराचे नाव ठेवण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भोसल्यांच्या घरातले. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने झालेले म्हणून मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी, असे परमानंदाच्या शिवभारतात आले आहे. वऱ्हाडातले फकिरा आणि पिराजी याच वाटेने आले. नवस पिराला, पोर हिंदू घरात, आणि मोहरमच्या सवारीपुढे त्याला फकीर करून पाठवायचे.

पण पंजाबराव? काशीराम, पंढरी, गोकुळ, द्वारकादास ही नावे समजतात, ती क्षेत्रांची आहेत. पंजाब हे वऱ्हाडी माणसाचे क्षेत्र नव्हे. मला वाटते, इथे अर्थापेक्षा भारदस्तपणाने काम केले. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या होत्या, आणि दूरच्या पराक्रमी मुलखाचे नाव मुलाला द्यावे असे एखाद्या देशमुखी वतन असलेल्या घराला वाटणे नवलाचे नाही. पंजाबरावांचे मूळ आडनाव कदम. देशमुख हे वतनाचे नाव. त्यांच्या नावाचे दोन्ही भाग असे दरबारी वजनाचे आहेत, आणि अख्खा वऱ्हाड त्यांना ओळखतो तो मात्र ‘भाऊसाहेब’ या घरगुती हाकेने.

इथे प्रत्ययांकडे वळावे लागते, कारण वऱ्हाडात नावाचे अर्धे वजन प्रत्ययात असते. ‘राव’ हा राजन्, राय असा घसरत आलेला राजाच. ‘जी’ आदराचा. जुन्या पिढीतल्या नावांत तो इतका मुरलेला आहे की त्याच्याशिवाय नाव उभेच राहत नाही: गाडगेबाबांचे वडील झिंगराजी, तुकडोजी महाराजांचे वडील बंडोजी, गुलाबराव महाराजांचे वडील गोंडोजी, वरखेडचे आडकोजी महाराज. कझाक नावांतही हाच प्रकार आहे. तिथे बेक म्हणजे सरदार, बाय म्हणजे श्रीमंत, आणि जान तर आपल्याही ओळखीचा शब्द. नावापुढे हे जोडले की पोर लहान असो, गरीब असो, नावाने तरी सरदार होते.

मात्र आपल्याकडे हा मान सर्वांना सारखा मिळाला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असे. गावाने हा नियम ग्रंथ न वाचता पाळला. एकच नाव वाड्यावर रामराव, मळ्यात रामभाऊ, गावकुसाबाहेर राम्या. महसुली आणि कोतवालाच्या जुन्या दप्तरांत ‘अमक्या वल्द तमक्या’ अशा नोंदी असतात. वल्द म्हणजे मुलगा, हा अरबीतून फारसी दप्तरात आणि तिथून मराठीत आलेला शब्द. त्याच्या दोन्ही बाजूंना ‘या’कारान्त नावे लागली की जात न लिहिताही वाचणाऱ्याला कळायची. साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने ‘अबे सोम्या’ म्हणावे, हे वऱ्हाडात अनेकांनी पाहिलेले आहे. नावातला अर्थ सोम, म्हणजे चंद्र. उच्चारात मात्र अपमान.

किळसवाण्या नावांची एक वेगळी आणि फार कोवळी गोष्टही आहे. उकंडा, उकर्डा, उकंडराव ही नावे वऱ्हाडात घरोघरी होती. उकिरड्यावरून आलेली. कचरू, केरबा, दगडू, धोंडू ही त्यांची भावंडे. यांच्या मागे हेटाळणी नव्हती, भीती होती. आधीची लेकरे देवीच्या किंवा पटकीच्या साथीत गेलेली असायची. नवे पोर जगावे म्हणून ते उकिरड्यावर नेऊन ठेवायचे, दुसऱ्या बाईने उचलून आणायचे आणि आईने ते तिच्याकडून मूठभर कण्या देऊन विकत घ्यायचे. मग मृत्यूला वाटावे की हे टाकाऊ आहे, नेण्यासारखे नाही. भिकाजी त्याच जातीचे नाव: झोळीत मागून मिळालेले लेकरू. महानुभाव साहित्याचे मोठे संशोधक वि. भि. कोलते यांच्या नावातला ‘भि’ हा भिकाजीचा आहे. वडिलांच्या नावात दडलेली ती आजीची भीती विद्यापीठाच्या पदवीपत्रावरही छापली गेली.

नथ्थू हे त्याच दुःखातून आलेले. मुलगे जगत नाहीत म्हटल्यावर नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालायची, मुलगी म्हणून वाढवायचा, म्हणजे नजर लागणार नाही. तो नथ्थू, त्याचा मोठेपणी नथ्थुजी होई. या नावातून एक कटू गोष्ट स्पष्ट दिसते. मृत्यूला फसवायला मुलीचे रूप चालते, कारण मुलगी न्यायला मृत्यूही उत्सुक नसेल असे घराने गृहीत धरलेले होते.

कझाक घरांत हीच भीती अधिक उघड शब्दांत सांगितली आहे. तिथे तुरसिन म्हणजे ‘राहू दे’, ‘टिको’. तोक्तार म्हणजे ‘थांबेल’. तोक्तार औबाकिरोव हा कझाक अंतराळवीर १९९१ मध्ये अंतराळात जाऊन आला, तेव्हा नावात टिकून राहण्याची ती जुनी प्रार्थना घेऊनच गेला. कुशिकबाय या नावात कुत्र्याचे पिल्लू आहे, म्हणजे आपल्या उकंड्याचाच विचार. आणि मुली झाल्याच तर उलबोलसिन, ‘मुलगा होवो’, हे नाव मुलीला. आपली नकोशी, नकुसा याहून वेगळी नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८० हून अधिक मुलींची नावे जाहीर समारंभात बदलली गेली. मुलगा जगावा आणि मुलगी थांबावी, या दोन इच्छांनी माळरानावरच्या तंबूत आणि काळ्या मातीतल्या कुडाच्या घरात सारखीच नावे घडवली. या दोन समाजांनी एकमेकांकडून काही घेतलेले नाही. बालमृत्यू आणि मुलग्याची हाव दोन्हीकडे होती, एवढे कारण पुरेसे आहे. देवीची लस आली, दवाखाने आले, आणि उकंडा हे नाव एका-दोन पिढ्यांत ओसरले. नावांच्या इतिहासात लसीइतका मोठा बदल फार थोड्या गोष्टींनी घडवला असेल.

या सगळ्यांच्या खाली जो थर आहे तो पाहायला मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला जावे. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचे, म्हणजे गुंडम राऊळांचे हे गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र सिद्ध केले आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच आले आहे. त्या मंडळींची नावे वाचावीत: नागदेव, म्हाइंभट, केसोबास, दामोदर. देवगिरीवर उत्तरेची फौज येण्याआधीची ही नावे आहेत. इथे राव नाही, जी नाही. देव, भट, बास असे शेवट आहेत. वऱ्हाडातल्या महानुभाव घरांत पंथप्रवर्तकांचे चक्रधर हे नाव आजही ठेवतात. साडेसातशे वर्षे अखंड चालत आलेली अशी नावे फार नसतील.

वारकरी संतांनी नावे जातीजातींत वाटून दिली, हेही इथे स्पष्ट दिसते. शिंप्याच्या घरी नामदेव, माळ्याकडे सावता, कुंभाराकडे गोरोबा, सोनाराकडे नरहरी, महाराकडे चोखा. उद्धव शेळक्यांची ‘धग’ कादंबरी १९६० ची. अमरावती भागातल्या गरीब शिंपी कुटुंबाची ती कहाणी आहे आणि त्या घरातल्या एका पोराचे नाव आहे नामा. शेळक्यांनी ते मुद्दाम निवडले असो की नसो, वऱ्हाडी वाचकाला ते नाव वाचताच घर ओळखू येते.

मग गजानन. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रकट झालेल्या महाराजांचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या तोंडी सतत ‘गण गण’ असा जप, त्यावरून लोकांनी त्यांना गजानन म्हटले. नंतर अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या गावांत हे नाव इतके पसरले की एका वर्गात तीन-तीन गजानन असावेत, आणि गुरुजींनी त्यांना आडनावाने हाक मारावी. गणपतीचे नाव म्हणून ते महाराष्ट्रभर आहे. वऱ्हाडात मात्र गजानन म्हटले की शेगावच.

बाहेरच्यांनी ठेवलेले नाव घरच्या नावाला पुसून टाकते, हे वऱ्हाडात तिघांच्या बाबतीत घडले. पहिले हे गजानन महाराज. दुसरे गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात मातीचे फुटके गाडगे, त्यात खाणे, तेच डोक्यावर पालथे. कुणी त्यांना गोधडेबाबा म्हणे, कुणी चिंधेबाबा. टिकले ते गाडगेबाबा, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाच्या दारावर डेबूजी नाही, गाडगेबाबा आहे. तिसरे तुकडोजी. ३० एप्रिल १९०९ रोजी यावलीत जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे. गुरू आडकोजी महाराजांनी त्याला ‘तुकड्या’ म्हटले. आईबापांनी रत्नाचे नाव ठेवले होते, गुरूने भाकरीच्या तुकड्याचे ठेवले. आणि गावकऱ्यांनी त्या ‘तुकड्या’ला ‘जी’ जोडून त्याचा मान राखला. ज्या ‘या’ने गावकुसाबाहेरच्या माणसाला खाली दाबले, तोच ‘या’ महाराजांनी स्वतःहून आपल्या भजनांतल्या नाममुद्रेत ठेवला. हे मला त्यांच्या कामाइतकेच मोठे वाटते. कझाकांचा महाकवी अबाय याचेही कागदावरचे नाव इब्राहिम होते. अबाय, म्हणजे जपून वागणारा, हे आजीने लाडाने म्हटलेले नाव जगाने ठेवले.

आता सर्वांत मोठ्या बदलाकडे. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ उभी राहिली, डॉ. आंबेडकर तिथल्या परिषदेला आले. पण नावाचे दार कायमचे उघडले ते १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या बौद्ध घरांत एका पिढीत नावे बदलली. वडील कचरू, आजोबा धर्म्या आणि मुलगा सिद्धार्थ. राहुल, आनंद, गौतम, अशोक, सुगत, प्रबुद्ध, तथागत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९५५ ची आणि १९६५ ची पाने उलटून पाहिली तर हा बदल डोळ्यांना दिसतो. मनूने जुगुप्सित नावाचा नियम सांगितला होता. तो मोडायला कुठल्या कायद्याची वाट पाहिली गेली नाही, आयांनी आणि आत्यांनी तो पाळण्याशी मोडला.

या नावांत मिलिंद हे मला सर्वांत विलक्षण वाटते. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि अनेक घरांत ते त्याच अर्थाने ठेवले गेले असेल. बौद्ध घरांतला मिलिंद मात्र वेगळा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येला राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, पालीत मिलिंद. भिक्खू नागसेनाला त्याने विचारलेले प्रश्न आणि नागसेनाची उत्तरे हाच मिलिंदपञ्हो ग्रंथ. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० मध्ये स्थापन केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदचे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. राजा असूनही प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर मान्य करणारा, हा आदर्श पोरांपुढे ठेवायचा होता. त्याची राजधानी साकल, म्हणजे आजचे सियालकोट, ते पंजाबातच आहे. ग्रीकांचे नाव पंजाबातून पालीत, पालीतून वऱ्हाडातल्या बुद्धविहाराशेजारच्या घरात. दोन्ही मिलिंद उच्चारात एकच, पण उगम वेगळे, आणि कुठल्या घरात कुठला ते कोशातून कळणार नाही.

मेळघाटाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण कोरकू नावांचा अभ्यास त्यांच्याच भाषेतून व्हायला हवा. गेल्या काही निवडणुकांत तिथून आमदार झालेल्यांची नावे केवलराम, प्रभुदास, राजकुमार अशी आहेत. शेजारच्या बैतूल-खंडव्याकडची हिंदी छटा त्यांत स्पष्ट आहे. शहरांकडे मारवाडी आणि गुजराती व्यापारी कापसाबरोबर आले, त्यांनी ‘लाल’ आणला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी तर विदर्भकेसरी झाले.

बारशाच्या विधीत नावाची एक वेगळीच अडचण असे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघते, अश्विनीचे चू चे चो ला, त्यावरचे नावरसनाव पत्रिकेत जाते. आत्या कानात सांगते ते दुसरे. घरात हाक मारतात ते बाळू, बंडू, बापू हे तिसरे. शिवाय लग्नानंतर बायको ते नाव उच्चारत नसे. ‘अमक्याचा बाप’ म्हणून हाक, आणि नाव फक्त उखाण्यात. पुरुषाचे नाव असे बायकांच्याच ताब्यात होते: ठेवणारी आत्या, लपवणारी बायको.

आज राव आणि जी गेले. अमरावतीच्या शाळेत हजेरी घेतली तर आरव, अथर्व, विहान, श्लोक ही नावे मुंबईच्या शाळेसारखीच ऐकू येतात. त्यात जात ओळखू येत नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. गावही ओळखू येत नाही, याची मात्र मला हळहळ वाटते. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा शासकीय क्रम आला आहे. जिथे शतकानुशतके फक्त ‘वल्द’ होते, तिथे आईला जागा मिळाली.

जुनी नावे जिथे आहेत ती जागा सध्या चांगलीच गजबजलेली आहे. जातीचा दाखला काढायला, वैधता तपासायला लोक तहसिलात जाऊन कोतवाल बुकाची नक्कल मागतात, गेल्या काही वर्षांत तर कुणबी नोंदींसाठी कितीतरी बुके चाळली गेली. त्यांत जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, शेजारी नाव आहे, बापाचे नाव आहे, कुठे कुठे मृत्यूचे कारणही. साथीच्या वर्षांनंतर जन्मलेल्या मुलांत उकंडा, भिका, नथ्थू किती वाढतात, हे त्या पानांवरून मोजता येईल. १९५६ नंतर कुठल्या गावात नावे आधी बदलली आणि कुठे उशिरा, हेही. अमरावती आणि अकोल्यातल्या मराठी आणि इतिहासाच्या विभागांनी एकेका तालुक्याचे काम एकेका विद्यार्थ्याला द्यावे. कागद पिवळे पडून तुटत आहेत, आणि नावामागची गोष्ट सांगू शकतील अशा म्हाताऱ्या आत्या अजून काही गावांत आहेत.